मन नको, हजेरीपत्रक तपासा: सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि पलूस परिसरातील कारखानदार, रुग्णालयांचे विश्वस्त आणि मनुष्यबळ विभागांचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली आहे. ताळेबंदाच्या गडबडीत तुमच्या टेबलावर आणखी एक कागद येईल, तो म्हणजे बढत्या आणि वेतनवाढीची यादी. त्या यादीवर सही होण्यापूर्वी, वंश, रंग, प्रांत आणि जात यांवरून कामाच्या जागी होणाऱ्या भेदभावाविषयीचे हे पत्र वाचले जावे, म्हणून ते आत्ता लिहीत आहे. माझी सारी नोकरी कामगार कल्याण अधिकारी म्हणून झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला असा अधिकारी नेमावा लागत असे. पगार मालकाकडून घ्यायचा आणि गाऱ्हाणी कामगारांची ऐकायची, अशा खुर्चीतला हा माणूस दोन्ही बाजूंना पुरता आपला वाटत नाही. मात्र कोणता कागद कोणत्या कारणाने कसा भरला जातो, हे त्याला दोघांपेक्षाही अधिक ठाऊक असते. त्या माहितीच्या आधारावरच पुढचे लिहीत आहे.

वंशभेदाचा विषय काढला की आपल्याकडे पहिले उत्तर ठरलेले असते: तो प्रकार अमेरिकेतला, आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात. हे उत्तर देणारे बहुतेक लोक खोटे बोलत नसतात. ज्यांच्या हाताखाली मी काम केले त्यांतले कित्येक मालक आणि व्यवस्थापक मनाने खरोखर चांगले होते, कामगाराच्या मुलीच्या लग्नाला जाणारे आणि दवाखान्याचे बिल गुपचूप भरणारे होते. तरीही त्यांच्याच कारखान्यांत भट्टीवर, नॉकआऊटवर (साच्याची वाळू फोडून ओतीव भाग बाहेर काढण्याच्या कामावर) आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) धुळीत एका विशिष्ट प्रांतातली माणसे, हाऊसकीपिंगच्या बादल्यांशी विशिष्ट वस्त्यांमधल्या बायका आणि वातानुकूलित क्वालिटी लॅबमध्ये विशिष्ट आडनावांची मुले, अशी विभागणी वर्षानुवर्षे टिकून राहिली. ती कोणी ठरवली, असे विचारले तर कोणीच ठरवलेली नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की भेदभाव शोधण्यासाठी कोणाच्या मनात डोकावत बसू नये. हजेरीपत्रक, पाळीचा तक्ता, अपघात नोंदवही आणि बढत्यांची यादी हे चार कागद समोर ठेवून वाचावेत. भेदभाव तिथे लिहिलेला असतो, आणि तोही आपल्याच हस्ताक्षरात.

पाळीच्या तक्त्यापासून सुरुवात करतो. कायम कामगारांची नावे त्यात टोकन नंबरासह लिहिलेली असतात. खाली कंत्राटी कामगारांच्या रकान्यात मात्र ‘बिहारी आठ, उडिया पाच’ अशी नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती एकाच कारखान्यात पाहिलेली नाही. माणसाचे नाव न लिहिता प्रांत लिहायचा आणि संख्या टाकायची, ही सवय मुकादमाला सोयीची असते, कारण आठांतला एक पळाला तर दुसरा भरता येतो. परंतु ज्याचे नावच तक्त्यावर नाही त्याने गेल्या वर्षी कोणते काम शिकले, तो किती काळ हेल्पर आहे, त्याला मोल्डिंगवर (साचे बनवण्याच्या कामावर) घेता येईल का, हे प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. वरिष्ठतेच्या यादीत यायला आधी नाव असावे लागते. कॅन्टीनमध्येही कंत्राटी कामगारांची जेवणाची वेळ वेगळी असते, आणि गर्दी टाळण्यासाठी ती तशी ठेवली असेल हेही मी मान्य करतो. पण गर्दी टाळायची असताना नेहमी त्यांनीच शेवटी का जेवायचे, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

दुसरी गोष्ट चेष्टेची. ‘ए नेपाळी’, ‘ए भय्या’, ‘काळ्या’, ‘चायनीज’ अशा हाका शॉप फ्लोअरवर दिवसभर चालतात आणि त्याबद्दल विचारले की सुपरवायझर सांगतो, ‘गमतीनं म्हणतो साहेब, तोपण हसतो की.’ तो हसतो हे खरे आहे. तो का हसतो, हे समजण्यासाठी त्याचा महिन्याचा हिशेब पाहावा लागतो. त्याची खोली ठेकेदाराने घेतलेली असते, त्याचे जेवण ठेकेदाराच्या मेसमध्ये असते, गावाहून निघताना घेतलेली उचल ठेकेदाराकडे थकलेली असते आणि परतीच्या तिकिटाचे पैसेही त्याच्याच हातून मिळायचे असतात. ज्या माणसाचा निवारा, अन्न आणि देणे एकाच हातात आहे, तो त्या हाताच्या मित्राने केलेल्या विनोदावर हसणारच. ते हसू संमती म्हणून नोंदवू नये. कल्याण अधिकाऱ्याकडे तक्रार आली नाही म्हणून तक्रार नाही, असा अहवाल वर पाठवणे तर फारच सोपे असते, आणि असे अहवाल दरवर्षी पाठवले जातात.

कारखान्यात तांब्याची वायर किंवा भंगार चोरीला गेले की काय होते, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पोलीस येण्याआधीच परप्रांतीय पोरांच्या खोल्या उलट्यापालट्या होतात. आपल्या जिल्ह्याला याचे विशेष वाटायला हवे, कारण विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी कित्येक पिढ्यांपासून देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन राहिले आहेत. केरळ-तमिळनाडूपासून बिहार-बंगालपर्यंत त्यांची दुकाने आहेत, मुले तिथल्या भाषेत शिकतात आणि दिवाळीला, जत्रेला गावी येतात. चोरीचे सोने विकत घेतल्याच्या नुसत्या संशयावरून परराज्यातले पोलीस त्रास देतात, बाहेरचा म्हणून आधी आमच्यावरच बोट येते, ही त्यांची तक्रार आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेली आहे आणि त्यावर आपण सगळे खवळतो. तोच संशय कुपवाडमधल्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या झारखंडच्या मुलावर घेताना आपल्याला काहीच खटकत नाही.

मिरजेतल्या रुग्णालयांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. केरळमधून आणि ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या परिचारिकांवाचून यांतली कितीतरी रुग्णालये चालणार नाहीत. एखाद्या रुग्णाचा नातेवाईक त्या मुलीच्या डोळ्यांच्या ठेवणीकडे पाहून ‘ही चायनीज नको, दुसरी पाठवा’ असे म्हणतो. अशा वेळी प्रशासन काय करते? वाद नको म्हणून तिला त्या वॉर्डातून हलवते, रात्रपाळी देते किंवा जिथे नातेवाइकांना प्रवेश नसतो अशा विभागात नेमते. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. उलट तिला त्रास होऊ नये, हीच भावना असते. परंतु वर्षअखेर तिच्या रात्रपाळ्या मोजल्या तर त्या इतरांपेक्षा जास्त भरतात आणि वॉर्ड सिस्टर नेमताना ‘हिला रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलण्याचा अनुभव नाही’ असा शेरा पडतो. नातेवाइकाच्या पूर्वग्रहाची किंमत तिने मोजलेली असते आणि ती किंमत रुग्णालयाने वसूल केलेली असते. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ईशान्येकडच्या लोकांना त्या रोगाच्या नावाने हाका मारल्या जाऊ लागल्या तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचनापत्र काढावे लागले होते. त्याच काळात या मुली पीपीई किट घालून तुमच्या-आमच्या घरच्यांची शुश्रूषा करत होत्या.

मिरजेला वैद्यकनगरी म्हणून जी ओळख मिळाली, ती १८९४ मध्ये रुग्णालय सुरू करणाऱ्या आणि कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यापासून सुरू होते. ज्या उस्तादांच्या नावाने आपण संगीताची मिरज म्हणून छाती फुगवतो, ते अब्दुल करीम खाँ आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. आज ते नोकरी मागायला कुपवाडच्या गेटवर उभे राहिले असते तर सुरक्षारक्षकाने त्यांना कोणत्या शब्दाने हाक मारली असती, हे सांगायला नको.

रंगाचा प्रश्न फक्त बाहेरून आलेल्यांचा नाही. स्वागतकक्षासाठी मुलगी हवी असताना जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल’ लिहायचे आणि मुलाखतीनंतर आपसात ‘जरा सावळी आहे’ म्हणायचे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या मुलींच्या बाबतीत होते. आडनाव ऐकून झाल्यावर ‘गाव कुठले, गावात घर कुठे’ असे विचारत उमेदवाराची जात काढणारे मुलाखतकारही मी जवळून पाहिले आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवले गेले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश भरली. अर्ज वाचणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःला भेदभाव करणारा म्हणवून घेतले नसते.

हा अमेरिकेचा विषय आहे, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांच्यासाठी दोन दाखले देतो. पहिला दाखला आपल्या शेजारच्या मातीतला आहे. ज्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना ते पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना तिकडची गुलामी आणि इकडची जातव्यवस्था यांचे नाते दिसले होते. आपल्याला इंटरनेट हाताशी असूनही ते परके वाटते.

दुसरा दाखला कारखान्याचाच असल्याने तो मला अधिक उपयोगाचा वाटतो. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर नावाचे वीजकेंद्र होते. तिथे पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीय कामगारांना फक्त ‘लेबर’ विभागात घेतले जाई. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार हा उरलेल्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातली नोकरीविषयक कलमे २ जुलै १९६५ रोजी लागू झाली. उघड बंदी ठेवणे आता शक्य नव्हते. पण शालान्त पदविकेची अट होतीच, आणि त्याच दिवसापासून कंपनीने इतर विभागांतल्या नव्या भरतीसाठी बुद्धिमापनाच्या चाचण्याही लावल्या. नियम सगळ्यांना सारखाच होता. कृष्णवर्णीय मुलांना दर्जेदार शाळांपासून पिढ्यानपिढ्या दूर ठेवले गेले असल्यामुळे तो नियम प्रत्यक्षात त्यांनाच अडवत होता, आणि पूर्वी पदविकेविना भरती झालेले गोरे कामगार तेच काम व्यवस्थित करत होते. विली ग्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दावा लावला. ८ मार्च १९७१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की कंपनीचा हेतू चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही. एखादी अट ठराविक लोकांना बाहेर ठेवत असेल आणि त्या कामाशी तिचा संबंध कंपनीला दाखवता येत नसेल, तर ती अट टिकणार नाही.

ही कसोटी आपल्या बढत्यांच्या नियमांना लावून पाहा. हेल्परचा ऑपरेटर करताना ‘मराठी लिहिता-वाचता येणे आवश्यक’ अशी अट काही ठिकाणी आहे. मराठीचा मी अभिमानी आहे आणि इथे राहणाऱ्याने मराठी शिकावी, असे माझे ठाम मत आहे; त्यासाठी पाळी संपल्यावर अर्धा तास वर्ग चालवायला कोणत्याही कारखान्याला परवडेल. परंतु संगणकावर चालणाऱ्या ज्या सीएनसी यंत्रावर त्याला उभे करायचे, त्याचा पडदा इंग्रजीत, ड्रॉइंग इंग्रजीत, तपासणीचा तक्ता इंग्रजीत. मग मराठीची अट कामासाठी आहे की गाळणीसाठी? दुसरीकडे, जिथे भाषेचा खरोखर जीवनमरणाशी संबंध आहे त्या सुरक्षिततेच्या पाट्या मात्र फक्त मराठी आणि इंग्रजीत लावलेल्या असतात आणि वितळलेल्या लोखंडाशेजारी उडिया बोलणारा मुलगा उभा असतो. फेटलिंगच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसे कायमची निकामी होतात, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. तो गावी परतल्यानंतर खोकू लागला तर त्याची नोंद आपल्या कोणत्याच वहीत होत नाही.

स्थानिकांच्या बेरोजगारीचे काय, असा प्रश्न तुमच्यापैकी काही जण विचारतील आणि तो योग्यच आहे. ८० टक्के रोजगार स्थानिकांना द्यावा, हे राज्याचे धोरण आहे. जत-आटपाडीचा आयटीआय झालेला मुलगा घरी बसला असेल तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. मात्र बाहेरचे कामगार आपोआप आलेले नाहीत. कमी पैशांत, जास्त तास, तक्रार न करता काम करतील म्हणून ठेकेदारांमार्फत तुम्हीच त्यांना बोलावले आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या नियमांत सारख्या कामाला सारखे वेतन ही तरतूद अनेक वर्षांपासून होती. ती प्रामाणिकपणे पाळली गेली असती तर परप्रांतीय स्वस्त ठरला नसता आणि स्थानिक महाग ठरला नसता. दोघांना एकमेकांसमोर उभे करून वेतन खाली ठेवणे आणि वर त्यांच्या भांडणाबद्दल हळहळणे, ही गोष्ट आता पुरे.

कायद्याकडे बोट दाखवून सुटका होईल, असेही समजू नये. संविधानाच्या अनुच्छेद १६ मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून भेदभावाला मनाई आहे. खासगी कारखान्याला तो अनुच्छेद थेट लागू होत नाही, हे तुमचे वकील तुम्हाला सांगतील. पण रोजगारातल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा करार भारताने १९६० मध्ये आणि वंशभेद निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६८ मध्ये स्वीकारलेला आहे. निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीने वंशावरून अपमान करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. गुन्हा ठरो न ठरो, तुमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमावलीत, गैरवर्तनाची यादी असते; दारू पिऊन येणे, झोपणे, शिवीगाळ करणे हे सर्व त्यात आहे. वंश, रंग, जात, प्रांत किंवा चेहऱ्यावरून हिणवणे हे गैरवर्तन मानले जाईल, अशी एक ओळ त्यात घालण्यासाठी हे आदेश मंजूर करणाऱ्या प्रमाणन अधिकाऱ्याकडे अर्ज करण्यापलीकडे फार खर्च नाही. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आणली, तेव्हाही ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ असेच म्हटले गेले होते. समिती झाल्यावर तक्रारी आल्या, कारण त्या सांगायला जागा मिळाली. अशीच जागा इथे हवी, आणि तिथे ठेकेदाराचा किंवा मुकादमाचा माणूस बसलेला नसावा.

२१ मार्च हा वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस आहे. १९६० साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीयांवर लादलेल्या पास (ओळखपत्र) बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मारली गेली. त्या निमित्ताने फलक लावून, गुलाबपुष्पे देऊन छायाचित्र काढण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर कृपया तो सोडून द्यावा. त्याऐवजी त्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाला एकच तक्ता करायला सांगावा: कायम आणि कंत्राटी मिळून प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव, मूळ जिल्हा, आत्ताचा विभाग, त्या विभागात घालवलेली वर्षे, रात्रपाळ्या, मिळालेले प्रशिक्षण आणि झालेले अपघात. या तक्त्यात जात विचारण्याची गरज नाही, ती विचारूही नये. एवढी माहिती एका कागदावर आली की भट्टीपाशी कोण अडकले आहे आणि लॅबमध्ये कोण पोचले आहे, हे कोणत्याही व्याख्यात्याविना दिसेल. त्यानंतर प्रत्येक बढतीच्या अटीसमोर ती कामासाठी का लागते, याचे एका वाक्यात उत्तर लिहावे. ज्या अटीसमोर वाक्य लिहिता येणार नाही ती या वर्षीच्या यादीपुरती तरी बाजूला ठेवावी. रुग्णालयांनी नातेवाइकांच्या मागणीवरून परिचारिका बदलण्याचे प्रत्येक प्रकरण कारणासह नोंदवावे आणि चेहरा हे कारण असेल तर बदली नाकारावी; त्या नातेवाइकाला समजावण्याचे काम त्या मुलीचे नसून प्रशासनाचे आहे, हे मेट्रनपासून सुरक्षारक्षकापर्यंत सर्वांना लेखी कळवावे.

हा तक्ता कसा भरायचा, याविषयी कोणाला अडचण असल्यास मी कोणत्याही दिवशी, मानधन न घेता, येऊन बसायला तयार आहे. फक्त त्या बैठकीला कंत्राटी कामगारांमधून त्यांनीच निवडलेले दोन जण हजर असावेत आणि त्या दिवसाची त्यांची हजेरी कापली जाऊ नये.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कामगार कल्याण अधिकारी
विश्रामबाग, सांगली